प्लेट बदलण्याआधी क्लचची वायर बघा

ताईंनो, घरातली जुनी स्प्लेंडर आता आपल्यातल्या बऱ्याच जणी चालवतात. भाजीची पोती मागे बांधून आपटा फाट्यावरून पनवेलला निघालं, की कर्नाळ्याच्या चढाला गाडीचं खरं दुखणं कळतं. इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच स्लिप होतोय. गॅरेजात नेली की बहुतेक एकच उत्तर मिळतं, "प्लेटा गेल्या." गेल्याही असतील. पण ते काम महागाचं, म्हणून आधी वायर बघायची.

क्लचच्या आत प्लेटांची चळत असते, स्प्रिंगने घट्ट दाबलेली. लिव्हर ओढली की वायर ताणते, दाब सुटतो आणि इंजिन चाकापासून मोकळं होतं. वायर कायमच ताणलेली राहिली, तर लिव्हर न धरताही दाब थोडा सुटलेला राहतो. प्लेटा घासतात, जळका वास येतो. उलट वायर फार सैल असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर कडकड वाजतो, न्यूट्रल सापडत नाही, लिव्हर धरूनही गाडी पुढे सरकते.

गाडी बंद करून लिव्हर एका बोटाने हलकेच ओढा. टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर ती रिकामी हलली पाहिजे, साधारण बोटाच्या अर्ध्या पेरापासून पाऊण पेरापर्यंत. कमी-जास्त असेल तर खाली इंजिनाजवळ वायर जिथे संपते तिथे दोन नट आहेत. सायलेन्सर थंड झाल्यावरच हात घाला, त्याच बाजूला आहे तो. लॉक नट सैल करा, दुसरा अर्धा फेरा फिरवा, लिव्हर बघा. कुठल्या बाजूला फिरवायचा ते पाठ करत बसू नका, लिव्हरच सांगते. जमलं की लॉक नट घट्ट. मग सपाट जागेवर, ब्रेक धरून, पहिला गिअर टाकून बघा.

लिव्हरपाशी वायरचे धागे तुटलेले दिसले तर ॲडजस्ट करू नका, वायरच बदला. ती वाटेत तुटली तर भरल्या गाडीसकट रस्त्यात अडकाल. आणि कारचं ऑइल स्वस्त मिळालं तरी मोटरसायकलीत नको. इथे क्लच त्याच ऑइलात भिजतो, त्यानेही स्लिप होतो.

एवढं करूनही चढाला ओढत नसेल, तर प्लेटा बदला. जुन्या मात्र हातात मागून घ्या.