छत्रीचे आत्मवृत्त येते, मग आपले का येत नाही?

दहावीच्या मराठीच्या पेपरात आत्मकथन येते, प्रसंगलेखन येते. आत्मकथन म्हटले की मुले गाइड उघडतात. फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त, शाळेच्या घंटेचे मनोगत, जुन्या पुस्तकाची कैफियत, सगळे धडाधड पाठ होते. पण 'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग' असा विषय आला की तीच मुले पेन तोंडात धरून बसतात. "आमच्याकडं काय घडतंय लिहिण्यासारखं?" असे विचारतात आणि शेवटी महाबळेश्वरची सहल लिहून मोकळी होतात. महाबळेश्वर कधी पाहिलेले नसते, ही गोष्ट वेगळी!

पालकहो, आम्हाला हा प्रश्न केवळ मार्कांचा वाटत नाही. आपल्या घरात लिहिण्यासारखे काही नाही असे मुलाला वाटते, तेव्हा आपल्या घरात मोलाचे काही नाही, हेही ते नकळत शिकत असते. शहापूर तालुक्यातले सापगाव घ्या, नाही तर मुरबाडकडचे कुठलेही गाव घ्या. बाप पहाटे आसनगावची लोकल पकडतो, आई भातलावणीला जाते, आजी नातवंडे सांभाळते. यातले काही गाइडात सापडत नाही. म्हणून ते निबंधाचा विषय नाही, असे कोणी ठरवले?

मुक्ताचा निबंध

या प्रश्नाचे उत्तर एका शाळकरी मुलीने १८५५ साली देऊन ठेवले आहे. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेची विद्यार्थिनी. वय चौदाच्या आसपास. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्या काळी तिच्यासमोर नमुना म्हणून ठेवायला असे लिखाण कुठे होते? तिने विषय आपल्या वस्तीतूनच उचलला. आपल्या लोकांना गावाने कसे वागवले, आपल्या बायाबापड्यांनी काय सोसले, हे तिने मांडले. आज तो निबंध महाराष्ट्रभर अभ्यासला जातो.

एकच प्रवास

बाबासाहेबांनी इंग्रजीत काही आठवणी लिहिल्या होत्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा, एका प्रवासाचा आहे. लहानगे भीमराव आणि घरातली मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, मनात केवढा आनंद! मसूर स्टेशनवर उतरली, पण घ्यायला कोणी आलेले नव्हते. कोण तुम्ही, असे स्टेशनमास्तराने विचारले. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले आणि तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. रात्र तहानेत गेली.

अस्पृश्यता म्हणजे काय, याची व्याख्या बाबासाहेब तिथे देत बसलेले नाहीत. टोपी, बैलगाडी, तहान, एवढ्यातच वाचणाऱ्याला सगळे कळते. मुलांनो, निबंधाचे गमक इथे आहे. सगळे आयुष्य सांगायचे नसते. एक दिवस, एक वाट, एक वस्तू पुरते.

वस्तूचेच उदाहरण हवे तर ऊर्मिला पवार यांचे आत्मकथन पाहा. रत्नागिरीकडच्या गावात त्यांची आई बांबूची सुपे-टोपल्या विणून घर चालवायची. त्या विणकामावरून पुस्तकाचे नाव ठेवले 'आयदान' (२००३). फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे किराणा दुकान होते. त्यात बसून त्या घरच्यांपासून लपवून लिहीत. त्यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले.

विषय शोधावा कसा?

मुलांनो, निबंधाला बसण्याआधी एका रविवारी घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसा. मोबाइल बाजूला ठेवा आणि हे विचारा:

१. आपल्या घरात सहीच्या जागी अंगठा उठवणे कोणापासून बंद झाले? त्याला शाळेत कोणी घातले?

२. घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती? पत्र्याची पेटी, जाते, फ्रेमचा फोटो, काहीही. ती कुठून आली?

३. आजी पहिल्यांदा रेल्वेत कधी बसली? बरोबर कोण होते, फडक्यात काय बांधून घेतले होते?

४. वडिलांची पहिली मजुरी किती होती आणि तिचे काय आणले?

५. म्हशाच्या जत्रेत किंवा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घरातले कोणी हरवले होते का? कसे सापडले?

६. तुम्हाला स्वतःला कधी कोणाचा खूप अभिमान वाटला? कधी गप्प बसावे लागले?

'का' विचारण्याआधी 'कुठे', 'कधी', 'कोणाबरोबर' विचारा. "आजी, तुझं आयुष्य कसं होतं?" म्हटले तर आजी म्हणेल, "कसं म्हंजे? कष्टाचं." गोष्ट तिथेच संपली. पण "पहिली चप्पल कधी घातलीस?" विचारा, मग ऐकत राहा.

समजा, सापगावची एक मुलगी...

समजा, सापगावच्या एका मुलीला 'नदीचे मनोगत' हा विषय आला. गाइडातली नदी डोंगरातून उगम पावते, खळखळते, शेवटी सागराला मिळते. या मुलीच्या गावाजवळून मात्र खरीखुरी भातसा वाहते. त्या नदीवरचे भातसा धरण शहापूर तालुक्यातच आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत ते सर्वांत मोठे. आणि याच तालुक्यात कितीतरी गाव-पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

आता समजा, तिचा मामा अशाच एका पाड्यावर राहतो आणि आत्या मुंबईच्या चाळीत. मे महिन्यात मामाकडे तिने हंड्यांची रांग पाहिली. दिवाळीत आत्याकडे नळाखाली भांडी घासली. एकाच तालुक्याचे पाणी, घरे तीन. या मुलीला गाइडची गरज उरली का?

तिने 'पाणी हे जीवन आहे' अशी सुरुवात करू नये. ते सर्वच लिहितात. 'टँकर सकाळी येणार म्हणून मामीने हंडे रात्रीच रांगेत लावले,' असे पहिले वाक्य लिहावे. तपासणाऱ्या बाई पुढचे वाक्य वाचल्याशिवाय राहणार नाहीत. आणि मामी जशी बोलली तसेच अवतरणात घालावे. शांताबाई कांबळे यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे नाव दिले, म्हणून पुस्तकाचे काही अडले नाही. त्यावर १९९० साली दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका आली. आपले निवेदन पेपरात प्रमाण भाषेत असू द्यावे, घरातले बोलणे घरच्या भाषेत.

थोडे सांभाळून

दोन गोष्टी पालकांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, घरची गोष्ट ही घरातल्या माणसाची असते. बापाचे व्यसन, बहिणीचे मोडलेले लग्न, कर्जाचा तगादा असे काही वर्गासमोर वाचले जाणार असेल, तर ज्याची गोष्ट त्याला आधी विचारावे. नको म्हटले तर तो कागद वहीतच राहू द्यावा. लिहून काढल्याने मन हलके होते, ते वेगळेच.

दुसरी, मुलांनी दरवेळी दुःखच लिहावे असे मुळीच नाही. आपली जखम उघडी करून मार्क मागायची कोणावर वेळ येऊ नये. ताईच्या नोकरीचे पत्र आले तो दिवस, काकाने शिकवलेले पोहणे, आईने पहिल्यांदा बँकेत केलेली सही, हेही तितकेच आपले आहे.

मायबापहो, मुलाने प्रश्न विचारला तर "जा, अभ्यास कर" म्हणून त्याला उठवू नका. तोच त्याचा अभ्यास आहे. हातातले काम चालू ठेवा, भाकरी थापत बोला, पण बोला. चार आण्यांची मजुरी, अनवाणी तुडवलेली वाट, रॉकेलच्या चिमणीखाली केलेला अभ्यास हे तुमच्या तोंडून आज वहीत उतरले नाही, तर उद्या ते कोणत्या गाइडात शोधायचे?