गिटार, तंबोरा आणि पारदर्शक पॉलिश : निवड कशी करावी?

धुळ्यापासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. तेथे पितळेच्या वस्तूला चकाकी देणारा कारागीर आणि लाकडी वाद्याला पॉलिश करणारा सुतार, दोघांपुढचा प्रश्न मुळात एकच असतो. वस्तूचा मूळ रंग आणि पोत दिसला पाहिजे. आणि तरीही हाताचा घाम, दमट हवा व ऊन यांपासून ती सुरक्षित राहिली पाहिजे. म्हणजेच लेप पारदर्शक हवा आणि टिकाऊही हवा. या दोन गोष्टी एकत्र मिळवणे वाटते तितके सोपे नाही. वाद्याच्या बाबतीत तर तिसरी अट येते, ती आवाजाची.

गिटार शिकणारी मुले आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. त्यामुळे फर्निचरचे काम करणाऱ्या कारागिरांकडे गिटार दुरुस्तीसाठी येते, क्वचित नवी बनवून देण्याची मागणीही होते. लाकूडकाम त्यांना येतेच. काम फसते ते शेवटच्या टप्प्यावर. कपाटाला मारतात तेच पॉलिश, तितकेच जाड, गिटारला मारले जाते आणि चांगल्या लाकडाचा आवाज दबून जातो.

या बाबतीत आपल्या राज्यातच एक नामांकित पाठशाळा आहे, ती म्हणजे मिरज. तेथील सतार आणि तंबोऱ्याच्या कारागिरीची परंपरा एकोणिसाव्या शतकातील फरीदसाहेब शिकलगार यांच्यापर्यंत मागे जाते. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार व झिलई देणारे. या शब्दाच्या मुळाशी अरबी 'सैकल' आहे आणि त्याचा अर्थच चकाकी आणणे. राजेशाही गेली, हत्यारांचे काम घटले, तेव्हा या घराण्याने तोच हात भोपळ्याकडे आणि लाकडाकडे वळवला. पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) मिरजेत स्थायिक झाले आणि गवय्याच्या कानाचा धाक कारागिरांच्या हाताला लाभला. 2024 साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांवर चपडी आणि स्पिरिटचे हातपॉलिश करण्याची जुनी रीत आहे. स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस (1817-1892) यांच्यापासून चालत आलेल्या उत्तम शास्त्रीय गिटारींवरही हेच लाखेचे पॉलिश चालते. त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, इतकेच. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून मिळणारा हा माल मूळचा आपल्याच देशाचा आहे.

चपडीचे गुण असे. थर अतिशय पातळ बसतो, अगदी मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका. नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, म्हणून दुरुस्ती सोपी. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी बोळा फिरवून तो घालवता येतो. फवारणीचे यंत्र लागत नाही. सुती कापडात गुंडाळलेला बोळा, स्पिरिट, बोळा सरकण्यापुरता तेलाचा थेंब आणि सबुरी एवढे पुरे. प्रमाण म्हणून एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ते अडीचशे ग्रॅम चपडी घ्यावी; सुरुवातीला दाट आणि शेवटच्या हातांना पातळ. विरघळलेली चपडी दोन-चार दिवस स्थिर ठेवली तर मेण तळाशी बसते. वरचे निवळ पाणी वेगळे काढून वापरावे, पॉलिश अधिक स्वच्छ दिसते. एकदा कालवलेली चपडी मात्र फार दिवस ठेवू नये. सहा महिन्यांनंतर ती नीट कडक होत नाही आणि चिकट राहते. बाटलीवर तारीख लिहून ठेवावी. स्पिरिट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. त्यात मिथेनॉल मिसळलेले असते, ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. म्हणून बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

दोषही सांगितले पाहिजेत. चपडीवर पाणी राहिले की पांढरा डाग उमटतो. घामट हाताच्या वादकाची गिटार दंडाजवळ आणि कोपर टेकते तिथे लवकर उघडी पडते. उष्णता तर तिची शत्रूच. साठ-सत्तर अंशांपुढे चपडी मऊ पडते. खानदेशातला मे महिना पंचेचाळीस अंशांना टेकतो. अशा दुपारी बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचे पॉलिश पेटीच्या अस्तराला चिकटले तर दोष कारागिराचा नव्हे, पण बोल त्यालाच बसतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

दुसरा मार्ग एन.सी. लॅकरचा. हे नायट्रोसेल्युलोजचे लॅकर 1920 च्या दशकात मोटारींसाठी आले आणि अमेरिकेतील मोठ्या गिटार कंपन्यांनी लगेच उचलले. फवारल्यावर अर्ध्या तासात हाताला कोरडे लागते, घासल्यावर आरशासारखे चमकते. चपडीप्रमाणेच यातही नवा थर जुन्यात मिसळतो. पण कोरडे लागणे वेगळे आणि पक्के होणे वेगळे. त्याला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. तोवर घासायची घाई केली तर पुढे थर बसत जातो आणि लाकडाच्या रेषा वर दिसू लागतात. पावसाळ्यात फवारले तर हवेतील ओल थरात अडकून दुधाळ झाक येते. अशा दिवशी काम बंद ठेवणे हाच खरा उपाय. हळू सुकणारा थिनर हा दुय्यम. काळानुसार हे लॅकर पिवळे पडते, थंडीत त्याला चिराही जातात. काही रबरी स्टँड आणि पट्टे याला चिकटून डाग पाडतात. आणि हे अतिशय ज्वालाग्राही आहे. फवारणीच्या खोलीत विडी, स्टोव्ह, ठिणगी देणारे बटण, काहीही नको.

तिसरा मार्ग पी.यू., म्हणजे दोन डबे मिसळून मारायचे पॉलीयुरेथेन. घाम, पाणी, ऊन सगळे सोसते. रोज वाजणाऱ्या, लग्नकार्यात फिरणाऱ्या गिटारला हे सोयीचे आहे. मात्र एकदा पक्के झाले की नवा थर जुन्यात विरघळत नाही. दुरुस्तीची कड कायम दिसते. शिवाय त्यातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारे कारागीर आपण पाहतो. त्या रुमालाचा येथे काहीच उपयोग नाही. योग्य गाळणीचा मास्क आणि वारा खेळता ठेवणारा पंखा परवडत नसेल तर पी.यू. परवडत नाही असेच समजावे.

जवसाचे तेल स्वस्त म्हणून काही जण सुचवतात. दंडाला ते ठीक, हाताला गुळगुळीत लागते. पुढच्या फळीला नको. ते लाकडात खोल मुरते आणि कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस घेते. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

आता आवाजाचे. पॉलिशने आवाज 'सुधारतो' अशी भाषा विक्रेते करतात. ती फारशी खरी मानू नये. पॉलिश आवाज वाढवत नाही, फक्त कमी-अधिक दाबते. गिटारची पुढची फळी अडीच-तीन मिलिमीटरची असते आणि तिचे थरथरणे म्हणजेच आवाज. तिच्यावर जाड थर म्हणजे नगाऱ्यावर घोंगडी. पाठीला, बाजूंना आणि दंडाला तितका फरक पडत नाही. म्हणून पुढच्या फळीला चपडी आणि बाकीच्या अंगाला लॅकर किंवा पातळ पी.यू. हा मधला मार्ग पुष्कळ कारागीर घेतात. आमच्या मते खानदेशच्या हवेला तोच अधिक मानवेल. शिसवीसारख्या तेलकट लाकडावर पी.यू. सुकायला त्रास देते. त्याखाली आधी मेण काढलेल्या चपडीचा एक हात मारावा. घोडीच्या बाबतीत एक भेद लक्षात ठेवावा. तंबोऱ्याची घोडी नुसती टेकलेली असते, गिटारची चिकटवलेली. तिच्याखाली पॉलिश गेले तर सरस धरत नाही आणि तारांच्या ताणाने ती एके दिवशी उखडते. ती जागा आधीच कागदाने झाकून ठेवावी.

पितळेलाही पारदर्शक लॅकर लागते. बँडच्या कर्ण्यांवर तो सोनेरी थर असतो तोच. शोभेची समई, फुलदाणी विकणाऱ्यांनी वस्तू घासून, बोटांचे ठसे ॲसिटोनने पुसून, किंचित कोमट करून त्यावर लॅकर मारल्यास ती दुकानात काळवंडत नाही. स्वयंपाकाच्या भांड्याला मात्र लॅकर कदापि नको. तेथे कल्हईच.

जुनी गिटार दुरुस्तीला आली की आधी तिच्यावर कोणता लेप आहे ते ओळखावे. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब ठेवावा. चिकट झाले तर चपडी. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने मऊ पडले तर एन.सी. लॅकर. दोन्हींनी काही झाले नाही तर पी.यू. किंवा पॉलिएस्टर, आणि मग डाग झाकण्याचा शब्द गिऱ्हाइकाला देऊ नये. नव्या कामात त्याच लाकडाच्या तीन फळ्यांवर तीन लेप मारून, एक आठवडा उन्हात आणि एक रात्र ओल्या पेल्याखाली ठेवून त्याला दाखवाव्यात. दर सांगताना मालाचा नव्हे, दिवसांचा हिशेब मांडावा. चपडीचा माल थोडा लागतो, हात मात्र आठ-दहा दिवस अडकतो, आणि ती मजुरी आधी ठरली नसेल तर नंतर मिळत नाही.