किलोमीटर कमी, तास जास्त!

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय. रस्ते दोन. एक १३,९०० किलोमीटरचा, दुसरा १५,३०० चा. लवकर कुठला पोचवेल? पहिला म्हणालात? सॉरी बॉस, उत्तर चुकलं!

एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेनं, पॅसिफिकवरून गेलं. १,४०० किलोमीटर जास्त कापूनही साधारण साडेचौदा तासांत पोचलं. म्हणजे जवळपास दोन तास वाचले.

वाऱ्यावरची वरात

ही करामत जेट स्ट्रीमची. नऊ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहणारा हा वारा. हिवाळ्यात तर त्याला भलताच जोर. दादरच्या जिन्यावर गर्दीबरोबर उतरलात तर पाय न हलवताच खाली पोचता. उलटं चढून बघा! विमानाचंही अगदी तस्संच.

मग नेटवर 'दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,४०० किलोमीटर' असं दिसतं, ते काय? पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर त्याची लांबी तेवढी भरते. पण हा दोरा जातो सायबेरिया आणि आर्क्टिकवरून. विमानाला मात्र वारा बघावा लागतो, अडचणीत उतरता येईल असा विमानतळ हाताशी ठेवावा लागतो. आणि हो, खाली देश कुणाचा आहे, तेही बघावं लागतं.

आकाशाला कुलूप

२०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपियन कंपन्यांना बंद झालं. फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, वाट मात्र उत्तर ध्रुवावरून! आपल्याकडे २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या फ्लाइट्सना असाच वळसा पडला.

तिकीट काढताना...

* मी किलोमीटर बघतच नाही. एकूण प्रवासाचे तास बघते, तेही जाण्याचे आणि येण्याचे वेगवेगळे.
* घड्याळाला फसू नका. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. समजा, उन्हाळ्यात पहाटे चारला निघालात आणि सोळा तास उडालात, तर त्याच दिवशी सकाळी साडेसातला तिथे हजर. परतताना सकाळी दहाला निघून तेवढेच तास उडालात, तर इथे दुसऱ्या दिवसाची दुपार, अडीच वाजलेले. रजेतला एक दिवस गुल!
* कनेक्टिंग फ्लाइट असेल तर मध्ये ऐसपैस वेळ ठेवा. वारा तुमच्या बोर्डिंग पासकडे बघून वाहत नाही.
* आणि पोचल्या दिवशी बॉसला मीटिंगचा शब्द? अजिबात देऊ नका.