मीटरवरचा लाल दिवा

विजेची बचत करा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कचेरीच्या भिंतीवर पाटी असते, विजेच्या बिलावर एखादी ओळ छापलेली असते, आणि घरातली वडीलधारी माणसे तर दिवसातून दहा वेळा बजावीत असतात, "अरे, दिवा मालव!" पण बचत करायची ती नेमकी कुठे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे होते काय, की माणूस अंगणातला लहानसा दिवा विझवून समाधान मानतो आणि न्हाणीत बादलीतला हीटर खुशाल चालू राहतो. सगळी आवराआवर होते, आणि नेमके मुसळच केरात जाते.

घरची वीज कुठे जाते हे सांगणारा एक इमानी साक्षीदार तुमच्या दाराशीच टांगलेला आहे. तो म्हणजे मीटर. हल्लीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ लहान अक्षरांत एक आकडा छापलेला दिसेल. बऱ्याच घरगुती मीटरांवर तो ३२०० असतो, काहींवर वेगळाही असतो. त्याचा अर्थ इतकाच, की हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला म्हणजे घरात एक युनिट वीज खर्ची पडली.

आता युनिट म्हणजे काय? १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. १०० वॅटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. म्हणजे वॅट किती आणि तास किती, यांचा गुणाकार करायचा आणि हजाराने भागायचे. दुधाचा रतीब जसा आपण लिटरने मोजतो, तसा हा विजेचा रतीब युनिटाने मोजायचा. हिशेब चौथीतल्या मुलालाही यावा इतका सोपा आहे.

एखाद्या संध्याकाळी हा प्रयोग करून पाहा. घरातले सगळे खटके बंद करा. टीव्ही, मोबाइलचे चार्जर, फ्रीज यांच्या पिनाही काढा. मग मीटरसमोर पाच मिनिटे उभे राहा. लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. सगळे बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर कुठे तरी वीज झिरपते आहे किंवा विसरलेले काहीतरी चालू आहे, असे समजावे. विसरलेले काही सापडले नाही, तर जाणत्या वायरमनला बोलवावे. स्वतः मीटरला किंवा तारांना हात लावू नये. आपले काम फक्त पाहण्याचे आणि मोजण्याचे.

दिवा थांबला, की एकेक वस्तू लावत चला. ३२०० आकड्याच्या मीटरवर काय दिसेल ते सांगतो. ९ वॅटचा एलईडी दिवा लावलात, तर लाल दिवा सुमारे दोन मिनिटांनी एकदा लुकलुकेल. वाट पाहून तुम्हीच कंटाळाल. तो बंद करून ७५ वॅटचा छताचा पंखा लावा, मिनिटाला चार वेळा लुकलुकेल. १००० वॅटची इस्त्री लावा, मिनिटाला त्रेपन्न वेळा. आणि पाणी तापवायचा १५०० वॅटचा हीटर लावलात, की मिनिटाला ऐंशी वेळा! मोजता मोजता जीभ अडखळेल. हा हीटर एक मिनिट चालला, तर जेवढी वीज घेतो, तेवढ्यात तो एलईडी दिवा पावणेतीन तास जळतो.

यातून एक साधा नियम हाती लागतो. उजेड देणारी वस्तू वीज थोडी खाते, फिरणारी वस्तू बेताची खाते, आणि तापणारी वस्तू खादाड असते. बचतीचा विचार करायचा तो म्हणून खालून वर नव्हे, तर वरून खाली. आधी तापणाऱ्या वस्तू, मग फिरणाऱ्या, आणि शेवटी उजेडाच्या.

तापणाऱ्या वस्तूंत पहिला मान आंघोळीच्या पाण्याचा. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धे युनिट लागते. हीटर कोणत्याही कंपनीचा असो, स्वस्त असो की महाग, त्यात फरक पडत नाही, कारण पाण्याला तेवढी उष्णता हवीच असते. घरात रोज चार बादल्या तापल्या, तर दिवसाला दोन युनिटे, महिन्याला साठ!

याला आणखी एक बाजू आहे. आपल्या राज्यात कोयनेसारखी पाण्यावर चालणारी वीजकेंद्रे आहेत, पण बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. कोळशाच्या आगीत जेवढी उष्णता असते, तिच्यातला साधारण एक तृतीयांश भागच विजेच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली धुराड्यावाटे आणि यंत्रे थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जाते. म्हणजे तीन पायल्या उष्णता जाळून एक पायली वीज करायची, ती तारांवरून शेकडो कोस आणायची, आणि घरी आणून तिची पुन्हा उष्णताच करायची! एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ऊन तर अंगणात फुकट पडलेले असते. ऐपत असेल त्याने छपरावर सौर बंब बसवावा. नसेल त्याने काळा रंग दिलेला पत्र्याचा डबा पाणी भरून, झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवावा. संध्याकाळच्या आंघोळीला ते पाणी छान कोमट मिळते. माळ्यावर तांब्याचा बंब पडून असेल, तर तो खाली काढून कल्हई करून घ्यावी. शेतातल्या पऱ्हाट्या, कणसांची बुरकुंडे त्यात जळतात. बंब मात्र उघड्यावर ठेवावा, म्हणजे धूर घरात कोंडत नाही.

हीटर वापरायचाच झाला, तर अंगाला सोसेल इतके पाणी तापले की खटका बंद करावा. भरली बादली कढत करायची आणि मग सोसत नाही म्हणून विसण घालून तिची दीड बादली करायची, यात वीज आणि पाणी दोन्ही जातात. आणि जिवाची गोष्ट आधी सांगायला हवी होती: हीटर पाण्यात सोडल्यावरच खटका दाबावा, आणि खटका बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

आता तुम्ही म्हणाल, दहावीस युनिटे वाचवून असे काय मोठे साधते? त्यासाठी बिलाकडे जरा बारकाईने पाहावे लागेल. घरगुती विजेचा दर सरसकट एक नसतो, त्याला पायऱ्या असतात. महावितरणच्या २०२४-२५ सालच्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार युनिटामागे ४ रुपये ७१ पैसे होता, आणि १०१ ते ३०० या पायरीवर तो १० रुपये २९ पैसे होता. पुढे दर बदलतात, तेव्हा आपल्या बिलावरचे ताजे आकडे पाहावेत. पण पायऱ्यांची रीत ध्यानात ठेवावी.

त्या दराने एका घराचा हिशेब करू. महिन्याला १४० युनिटे लागतात. पहिल्या शंभरांचे ४७१ रुपये झाले आणि वरच्या चाळिसांचे ४११ रुपये ६० पैसे. पाहा बरे, शंभरांना जेवढे पैसे, जवळजवळ तेवढेच नुसत्या चाळिसांना! ती वरची चाळीस युनिटे वाचली, तर युनिटे तिसऱ्या हिश्शाहूनही कमीच घटतात, पण वीज आकार मात्र निम्म्याच्या जवळ येतो. स्थिर आकार, वहन आकार, विद्युत शुल्क या बाबी वेगळ्या असतात, पण मुख्य ओझे हेच. म्हणून म्हणतो, शेवटची युनिटे सर्वांत महाग, आणि वाचवायला सर्वांत मोलाची.

ही चाळीस युनिटे काढायची कुठून? काही विकत न घेता काढता येतात. रोजच्या चार बादल्यांपैकी दोन उन्हावर किंवा बंबावर तापवल्या, की तीस युनिटे सुटली. टीव्हीची सेटटॉप बॉक्स नावाची पेटी रिमोटने बंद केली तरी आतून जागीच असते. काही पेट्या अशा झोपेतही आठ-दहा वॅट वीज घेतात. दहा वॅट धरा, टीव्ही नसताना दिवसाचे वीस तास ती भिंतीवरच्या खटक्याने बंद ठेवली, तर महिन्याला सहा युनिटे वाचली. पाण्याची टाकी भरून वाहू लागली तरी मोटार चालू राहते, हे तर घरोघर दिसते. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे अर्धे युनिट खाते. रोजची पंधरा मिनिटांची ही सांडलवंड थांबवली, तर महिन्याला पावणेचार युनिटे हाती आली. तीस, सहा आणि पावणेचार, झाली की चाळीस!

काही विकत घ्यायचेच झाले, तर जी वस्तू जास्त तास चालते ती आधी बदलावी. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तर बीएलडीसी नावाचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज दहा तास चालणारा एक पंखा बदलला, तर महिन्याला साडेतेरा युनिटांचा फरक पडतो. पंख्याचा जुना, डबीसारखा जाड रेग्युलेटर हाताला गरम लागतो ना? पंखा हळू केला की उरलेली वीज तो अशी तापून घालवतो. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवावा. फ्रीज घेताना दारावरच्या चिठ्ठीतले नुसते तारे मोजू नका. वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडाही तिथेच छापलेला असतो. दोन फ्रीजांचे ते आकडे ताडून पाहा.

एवढी बचत सांगितल्यावर आता बचत कुठे करू नये तेही सांगतो. गोठ्याच्या वाटेवरचा दिवा विझवू नका. ९ वॅटचा दिवा रात्रभर, दहा तास जळला, तरी महिन्याला पावणेतीन युनिटेसुद्धा होत नाहीत. मण्यार रात्रीची फिरते, आणि पावसाळ्यात काळोखात पडलेले एक पाऊल जिवाशी येते. तसाच मुलांचा अभ्यासाचा दिवा, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी असलेला दिवा आणि जिन्यातला दिवा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असेल तर तो काढून एलईडी लावा, पण उजेड कमी करू नका. हीटर चालू ठेवून मुलीला "दिवा घालव आणि झोप" म्हणणे, ही बचत नव्हे. तिचा तासाभराचा दिवा म्हणजे हीटरची वीस-बावीस सेकंदे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गुणाकार, सरासरी, शेकडेवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. मुलांना घरातल्या वस्तूंचे वॅट आणि तास लिहून आणायला सांगा. महिन्याची युनिटे काढून ती बिलाशी ताडून पाहू द्या. आकडे जुळले नाहीत, की का जुळले नाहीत याचा शोध मुले आपण होऊनच घेतील. लाल दिवा मोजायचा तो मात्र मोठ्या माणसाच्या सोबतीने आणि लांबून. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी घोषणा द्यायच्या त्या द्याव्यातच, पण त्यांच्या जोडीला मुलांचे हे तक्ते वर्गाच्या भिंतीवर लागले, तर पालकही थांबून वाचतील.

घरच्यांसाठी शेवटचे एकच काम. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर रविवारी मीटरचा आकडा लिहीत जा. मागच्या रविवारचा आकडा त्यातून वजा करा. शंभर युनिटांत महिना बसवायचा असेल, तर आठवड्याला तेवीस युनिटांच्या आत राहायला हवे. तेवीसच्या वर गेलात, तर बिल येण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोटार, हीटर आणि इस्त्री यांच्याकडे पाहा. बिल महिना सरल्यावर येते, तेव्हा नुसती हळहळ उरते. रविवारचा आकडा मात्र वेळेवर सावध करतो.