भाकरीवरची बुरशी

पावसाळ्यात डब्यात विसरलेली भाकरी दोन-चार दिवसांत हिरवट होते. ती सूक्ष्मदर्शकाखाली कधी पाहिली आहे? बारीक वस्तू शेकडो पट मोठी दाखविणारे हे भिंगांचे यंत्र. त्यातून मिठाचा कण चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा. आणि बुरशी? अहो, ते तर रानच! पांढरे तंतू एकमेकांत गुंतलेले. काहींच्या टोकाला कुंचला, अन् कुंचल्यावर मण्यांच्या माळा. हे मणी म्हणजे बुरशीचे बी. ते वाऱ्यावर घरभर उडते.

अशाच कुंचल्याच्या एका बुरशीत १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंगसाहेबांना पेनिसिलिन सापडले. त्याच जातकुळीतली बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवून आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ सालापासून हे औषध होऊ लागले. पूर्वी जखम चिघळून माणूस दगावायचा. तो सुईने वाचू लागला.

कुणी म्हणेल, "मग बुरशी खाल्ली तर औषधच पोटात गेलं की!" छे! बुरशीच्या जाती पुष्कळ. त्यांतल्या काही विषारी. नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. हिरवे खरडून उरलेली भाकरी खावी, तर तेही नाही. हिरवे दिसते तो वरचा मोहर. तंतू आत खोल गेलेले असतात. ती भाकरी गाईम्हशीलाही घालू नये.