गाळता येणारी मोजणी : डिस्क कोट्याच्या चाळीस वर्षांचा मागोवा

एका संगणकावर अनेकांची खाती असली की डिस्कवरची जागा वाटून द्यावी लागते. कोणी किती जागा वापरायची याची ठरलेली मर्यादा म्हणजे डिस्क कोटा. मर्यादा पाळायची तर आधी मोजावे लागते. फाइल वाढली, घटली किंवा पुसली गेली की त्या वापरकर्त्याच्या नावावरचा आकडा बदलतो. ही मोजणी फुकट होत नाही. प्रत्येक लेखनामागे आणखी एक नोंद येते, त्या नोंदीसाठी लॉक घ्यावे लागते, कधी डिस्क पुन्हा वाचावी लागते. त्यामुळे फाइल सिस्टीम लिहिणाऱ्यांच्या कामाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे : कोणती मोजणी गाळली तरी हिशेब बरोबर राहतो?

युनिक्सच्या जगात कोटा रुळला तो 1983 च्या 4.2 बीएसडीमुळे. मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेली कोटापद्धत या आवृत्तीत आली. तिने दिलेली सॉफ्ट आणि हार्ड अशा दोन मर्यादांची रचना आजही टिकून आहे. सॉफ्ट मर्यादा काही काळ ओलांडता येते, हार्ड मर्यादा कधीच नाही. पुढे लिनक्सनेही हीच वाट धरली. मोजणी गाळण्याचा सर्वात साधा नमुना तिथेच दिसतो : कोट्याचे आकडे ज्या फाइलमध्ये राहतात, ती फाइल स्वतः कोट्यात धरली जात नाही. ती धरली तर आकडा लिहिताना फाइल वाढेल, वाढलेली फाइल पुन्हा मोजावी लागेल आणि मोजणी स्वतःच्याच शेपटीमागे धावू लागेल.

या पद्धतीतली मोठी अडचण वीज गेल्यावर समोर येई. संगणक अचानक बंद पडला की नोंदवलेला आकडा आणि प्रत्यक्ष वापर यांत फरक पडे. तो जुळवायला 'कोटाचेक' ही आज्ञा सगळी फाइल सिस्टीम पालथी घाली. 1994 मध्ये आलेल्या सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएस या फाइल सिस्टीममध्ये कोट्याच्या नोंदी जर्नलच्या, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणाऱ्या वहीच्या, संरक्षणाखाली राहतात. त्यामुळे अपघातानंतर जर्नल पुन्हा चालवले की आकडे जुळतात आणि फेरमोजणी वाचते. लिनक्सच्या एक्स्ट4 मध्ये कोटा फाइल सिस्टीमचाच अंगभूत भाग झाला तो 2012 च्या लिनक्स 3.6 मध्ये. 2017 च्या 4.14 आवृत्तीत आणखी एक फाजील काम गेले. बदललेल्या कोटा-नोंदींची एक वेगळी यादी ठेवली जात असे. नोंदी जर्नलमध्ये जात असतील तर त्या यादीचा उपयोग उरत नाही, म्हणून एक्स्ट4 ने अशा वेळी ती ठेवणे बंद केले. यादीच्या लॉकसाठी ताटकळणारी समांतर कामे त्यामुळे मोकळी झाली.

खरी कसोटी लागली लिनक्सच्याच बीटीआरएफएसमध्ये. या फाइल सिस्टीममध्ये स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घेतला की माहितीची प्रत होत नाही. फाइलींच्या नोंदींचे जुना आणि नवा असे दोन्ही वृक्ष तेच ब्लॉक वापरतात. मग जागा कोणाच्या नावावर मांडायची? भंडारा जिल्ह्यात साकोलीकडची एखादी धानाची बांधी तीन भावांच्या सामाईक नावावर असावी, तशी ही स्थिती आहे. एका भावाने हक्क सोडला की फेरफार होतो आणि उरलेल्या दोघांचे हिस्से नव्याने ठरतात. बीटीआरएफएसच्या क्यूग्रुप या कोटापद्धतीतही दोन आकडे असतात : एकूण वापर आणि फक्त स्वतःचा वापर. एक स्नॅपशॉट पुसला की त्याच्या प्रत्येक ब्लॉकचे आधीचे व नंतरचे सगळे मालक शोधावे लागतात. ही उलट्या दिशेची शोधयात्रा फार महाग पडते.

क्यूग्रुप 2012 मध्ये आले आणि 2015 च्या लिनक्स 4.2 आवृत्तीत त्यांची हिशेबपद्धत नव्याने बांधली गेली. आकडे सुधारले, पण 'बॅलन्स' चालवताना यंत्र अडखळण्याचा त्रास राहिला. बॅलन्समध्ये ब्लॉक एका जागेवरून दुसऱ्या जागी हलतात, मालक मात्र तेच राहतात. सातबाऱ्यावरची नावे बदलत नसतील तर फेरफार कशाला? क्यू वेनरुओ यांच्या बदलांनी 2019 च्या 5.1 आवृत्तीपर्यंत हेच तत्त्व लागू केले. बॅलन्ससाठी उभारलेला तात्पुरता वृक्ष पाडताना त्याच्या फांद्या मोजणे बंद झाले. अदलाबदल झालेल्या फांद्या लगेच तपासण्याऐवजी त्यांची फक्त टाचण ठेवली जाऊ लागली. त्याच व्यवहारात त्या फांदीत पुढे बदल झाला तरच मोजणी होते, नाहीतर टाचण टाकून दिली जाते. चेकसमसारख्या अंतर्गत वृक्षांचे ब्लॉकही कोणत्याच वापरकर्त्याच्या खात्यात जात नाहीत, म्हणून त्यांचे मालक शोधण्याचे कामही गाळले गेले.

इथवर गाळलेली मोजणी निरर्थकच होती, आकड्याला कुठे धक्का लागत नव्हता. डिसेंबर 2022 च्या 6.1 आवृत्तीने एक पाऊल पुढे टाकले. मोठा स्नॅपशॉट पुसताना वृक्षाची उंची ठरवून दिलेल्या पातळीला पोचली, तर हिशेब थांबवून क्यूग्रुप 'विसंगत' म्हणून नोंदवण्याची सोय आली. यंत्र गोठत नाही, पण खरा आकडा हवा असल्यास नंतर पूर्ण फेरमोजणी करावी लागते.

जानेवारी 2024 च्या 6.7 आवृत्तीतील 'सिंपल कोटा' हा त्याहून मूलगामी बदल आहे. मेटामधील बोरिस बर्कोव्ह यांच्या या कामात प्रश्नच सोपा केला आहे. ब्लॉक ज्या उपखंडाने (फाइल सिस्टीममधल्या स्वतंत्र वृक्षाने) प्रथम घेतला त्याच्याच नावावर तो कायम राहतो. नंतर किती स्नॅपशॉट तो वापरतात, हे पाहिले जात नाही. मालकाची शोधयात्रा संपते आणि प्रत्येक लेखनाचा खर्च जवळपास ठरावीक राहतो. याची किंमतही आहे. मूळ उपखंडातून फाइल पुसली तरी एखादा स्नॅपशॉट ती धरून असेपर्यंत भार मूळ उपखंडावरच राहतो. सुविधा सुरू करण्यापूर्वीची माहिती हिशेबात येत नाही, आणि 'फक्त स्वतःचा' हा आकडा तर मिळतच नाही.

त्यामुळे निवड गरजेवर ठरते. स्नॅपशॉट पुसल्यास नेमकी किती जागा सुटेल हे जाणून घ्यायचे असेल, तर पूर्ण क्यूग्रुपचा खर्च सोसावा लागतो. फक्त मर्यादा पाळायची असेल तर सिंपल कोटा पुरतो. मर्यादा नकोच असेल तर कोटा बंद ठेवणे सर्वात स्वस्त, आणि बीटीआरएफएसमध्ये तो मुळात बंदच असतो.