पॉवर मॅक जी४ क्यूब
पॉवर मॅक जी४ क्यूब हा ॲपल या अमेरिकन कंपनीने जुलै २००० मध्ये सादर केलेला घनाकृती संगणक होय. सुमारे ८ इंच बाजूचा हा घन पारदर्शक ॲक्रिलिकच्या आवरणात अधांतरी बसवलेला असे. तळातून शिरलेली थंड हवा आतील धातूच्या पट्ट्यांची उष्णता घेऊन हलकी होई व माथ्यावरील जाळीतून आपोआप बाहेर पडे. त्यामुळे पंख्याची, पर्यायाने त्याच्या आवाजाची, गरज उरली नाही. वीजपुरवठ्याचा संचही पेटीबाहेर ठेवला होता. संगणक उलटा करून तळाची मूठ ओढली की संपूर्ण अंतर्भाग बाहेर येई. मात्र आटोपशीरपणामुळे नवे भाग जोडण्यास वाव थोडा राहिला. १,७९९ डॉलर ही आरंभीची किंमतही ग्राहकांना जड वाटली. अपेक्षित विक्रीअभावी जुलै २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबवण्यात आले.